आडवा आलेला घोडा आणि पंचांचा न्याय

आमच्या बीड जिल्ह्यात रेसकोर्स नाही. घोड्यांची रेस बघायची तर मुंबईचं महालक्ष्मी नाहीतर पुणं गाठावं लागतं. पण बैलांची शर्यत आपण बघितलेली आहे, आणि निकालावरून जुंपलेली भांडणंही. ‘त्यांची जोडी आडवी आली म्हणून आमची मागं पडली!’ या एका वाक्यात तीन दावे आहेत. आडवी आली, हा घटनेचा. म्हणून मागं पडली, हा कारणाचा. आणि चूक त्यांची, हा दोषाचा. आज हे तिन्ही सुटे करू.

घोड्यांच्या रेसमध्ये प्रत्येकाला आखलेला पट्टा नसतो. पुढं पुरेशी मोकळी जागा असली तर जॉकी घोडा आत-बाहेर घेऊ शकतो. मात्र त्यामुळं मागच्याची वाट अडली, त्याला लगाम खेचावा लागला, की पंच, म्हणजे स्टुअर्ड, चौकशी करतात. घटना चित्रफितीत दिसते. कारण मात्र दिसत नाही.

इथं जगात दोन पद्धती आहेत. ब्रिटनसारख्या देशांत विचारतात: अडथळा आला नसता, तर अडलेला घोडा अडवणाऱ्याच्या पुढं गेला असता का? असता, तरच क्रम बदलतो. जपाननं २०१३ मध्ये आणि फ्रान्सनं २०१८ मध्ये हीच पद्धत घेतली. अमेरिकेत साधारणपणे एवढंच बघतात, की अडलेल्याच्या क्रमांकावर परिणाम झाला का? झाला, तर अडवणारा त्याच्या मागं.

फरक केवढा पडतो बघा. ४ मे २०१९ ची केंटकी डर्बी. मॅक्झिमम सिक्युरिटी पहिला आला, पण वळणावर तो बाहेर सरकला होता. बावीस मिनिटं चौकशी चालली, आणि त्याला सतराव्या क्रमांकावर टाकलं गेलं. दुसरा आलेला कंट्री हाऊस विजेता ठरला. ब्रिटिश प्रश्न विचारला असता, तर अडलेले घोडे खरोखर त्याला हरवणार होते, हे आधी पटावं लागलं असतं.

‘असं नसतं, तर तसं झालं असतं’ या विचाराला आपले नैयायिक तर्क म्हणतात. आणि बजावतात, की तर्क हे स्वतः प्रमाण नव्हे, प्रमाणाचा मदतनीस आहे. पंचांनीही तेवढंच मानावं. अडथळा शेवटच्या टप्प्यात आला, दोघांतलं अंतर मानेएवढं राहिलं, अडलेला वेगानं जवळ येत होता, तर तर्काला आधार आहे. अडथळा अर्ध्या रेसआधीचा असेल, तर उरतो तो अंदाज. अंदाजावर धावून मिळवलेला क्रम मोडू नये, असं आम्हाला वाटतं.

यावर कुणी म्हणेल, ‘मग काय, जॉकी खुशाल धक्के देतील, जिंकलेलं तर जात नाही!’ आक्षेप खरा आहे. म्हणून तर तिसरा दावा वेगळ्या तराजूत घालायचा. क्रम ठरवताना परिणाम बघा, शिक्षा देताना वागणूक. घोडा बिचकून सरकला की जॉकीनं घुसवला, सरळ करायची धडपड केली का, हे तपासा. परिणाम शून्य असला तरी निष्काळजी जॉकीला घरी बसवा. आणि ज्यानं जाणूनबुजून दुसऱ्याचा जीव धोक्यात घातला, त्याचं जिंकणंही काढून घ्या; तिथं तर्क करत बसू नये. कारण भरधाव घोड्याचे पाय अडखळले, तर क्रमांक नव्हे, माणूस आणि जनावर जातं.

जत्रेतल्या भांडणातही एवढं विचारून बघा: आपण नुकसान मोजतोय, की राग?