विश्लेषण : नायट्रो आरसी गाडीचा एक्झॉस्ट बदलला की इंजिन का जळते?

रिमोटवर पळणाऱ्या बहुतेक गाड्या आता बॅटरीवर चालतात. तरीही मिथेनॉल आणि नायट्रोमिथेनच्या मिश्रणावर धावणाऱ्या, मागे निळसर धुराची रेघ सोडणाऱ्या नायट्रो गाड्यांचे वेड असलेला वर्ग टिकून आहे. अशी गाडी हाती आली, की अनेकांना पहिल्यांदा बदलावासा वाटतो तो तिचा एक्झॉस्ट. कंपनीने दिलेला साधा पाइप काढून त्या जागी चकचकीत ॲल्युमिनियमचा ‘ट्यून्ड पाइप’ बसवायचा, म्हणजे वेग वाढेल, अशी अपेक्षा असते. वेग वाढतोही. पण पाइप इंजिनाशी जुळला नाही किंवा तो बसवल्यावर कार्ब्युरेटर पुन्हा लावला नाही, तर इंधनाची एक टाकी संपण्याच्या आत इंजिन कायमचे निकामी होऊ शकते.

पाइप हा इंजिनाचाच भाग कसा?

नायट्रो गाडीचे इंजिन टू-स्ट्रोक असते. १:१० मापाच्या गाडीत ते साधारण २ ते अडीच सीसीचे, तर १:८ मापाच्या शर्यतीच्या बग्गीत ३.५ सीसीचे. मोटारसायकलच्या फोर-स्ट्रोक इंजिनात असतात तसे व्हॉल्व्ह यात नसतात. पिस्टन वर-खाली होताना सिलिंडरच्या भिंतीतली भोके उघडतो आणि झाकतो, त्यातूनच ताजे मिश्रण आत येते आणि जळालेला वायू बाहेर जातो. अडचण अशी, की काही क्षण दोन्ही भोके एकाच वेळी उघडी असतात. त्यामुळे आत आलेल्या ताज्या मिश्रणातले काही न जळताच एक्झॉस्टमधून निसटते.

ट्यून्ड पाइपचा फुगीर आकार याच गळतीवरचा उपाय आहे. इंजिनाला जोडलेल्या वाकड्या नळीला हेडर म्हणतात. त्यापुढे पसरत जाणारा शंकू, मग पोट, मग निमुळता होत जाणारा शंकू आणि शेवटी बारीक शेपटी. एक्झॉस्टचे भोक उघडले, की दाबाची एक लाट पाइपमधून पुढे धावते. पसरत्या शंकूत ती पोहोचली, की मागे कमी दाबाची लाट परतते आणि सिलिंडरमधला उरलासुरला धूर ओढून घेते. निमुळत्या शंकूवर आपटून परतणारी लाट मात्र जास्त दाबाची असते. भोक बंद होण्याच्या जरा आधी ती पोहोचली, तर बाहेर निसटलेले ताजे मिश्रण पुन्हा सिलिंडरमध्ये ढकलले जाते. एकही हलता भाग नसताना, केवळ पत्र्याच्या आकारातून मिळणारी ही ताकद आहे.

हे तंत्र खेळण्यांच्या दुनियेत जन्मलेले नाही. पूर्व जर्मनीतील एमझेड कंपनीच्या वॉल्टर काडेन या अभियंत्याने १९५० च्या दशकात ते मोटारसायकलींच्या शर्यतीसाठी विकसित केले. १९६१ मध्ये त्याच्या १२५ सीसी इंजिनाने २५ अश्वशक्तीचा टप्पा गाठला, म्हणजे लिटरमागे २००. त्याच वर्षी एमझेडचा चालक अर्न्स्ट डेग्नर स्वीडनमधील शर्यतीनंतर पश्चिमेकडे पळाला आणि हे ज्ञान घेऊन सुझुकीकडे गेला. १९६२ मध्ये ५० सीसी गटाचे जागतिक विजेतेपद सुझुकीच्या गाडीवर डेग्नरनेच पटकावले. तळहातावर मावणाऱ्या इंजिनाला आज जो पाइप लावला जातो, त्याची वंशावळ ही अशी.

एका सेंटीमीटरने काय फरक पडतो?

हिशेब सोपा आहे. इंजिन मिनिटाला ३०,००० फेरे घेत असेल, तर एका फेऱ्याला २ मिलिसेकंद लागतात. एक्झॉस्टचे भोक साधारण अर्धा फेरा उघडे राहते असे धरले, तर लाटेला जाऊन परत यायला १ मिलिसेकंद मिळतो. तापलेल्या वायूत लाटेचा वेग सेकंदाला सुमारे ५०० मीटर धरला, तर तेवढ्या वेळात ती ५० सेंटीमीटर जाते. म्हणजे जाताना २५ आणि येताना २५. हेच इंजिन ३६,००० फेऱ्यांवर जोरात चालावे असे वाटत असेल, तर २५ ऐवजी जेमतेम २१ सेंटीमीटर अंतर हवे. एक सेंटीमीटर कमी-जास्त केले, की ताकद मिळण्याची जागा हजार-बाराशे फेऱ्यांनी सरकते.

म्हणूनच एक्झॉस्ट निवडताना फक्त ब्रँड आणि चकाकी पाहणे पुरेसे नाही. लांब हेडर म्हणजे वळणातून सुटताना चांगली ओढ, आखूड हेडर म्हणजे सरळ रस्त्यावर जास्त वेग. मातीच्या, वळणावळणाच्या ट्रॅकवर आखूड पाइप लावणाऱ्याची गाडी आवाज खूप करते आणि मागे पडते. २ सीसीच्या इंजिनाला ३.५ सीसीचा पाइप बसवणे तर पूर्णपणे चूक, कारण लाट कधीच वेळेवर परतणार नाही.

बसवताना नेमके कुठे बिघडते?

पहिला प्रश्न इंजिनाच्या तोंडाचा. काही इंजिनांचे एक्झॉस्ट बाजूला असते, काहींचे मागे. हेडर त्यानुसारच घ्यावे लागते. जुना पाइप काढल्यावर इंजिनाचे उघडे तोंड स्वच्छ कापडाने झाकावे. मातीचा एक कणही पिस्टनवर चरा पाडतो. हेडर आणि इंजिन यांच्यामधले गॅस्केट जुने असेल तर ते पुन्हा वापरू नये. हेडर स्प्रिंगने घट्ट बसते. ही स्प्रिंग सैल वाटली तर बदलावी, पक्कड लावून पिळून चालवू नये.

हेडर आणि पाइप सिलिकॉनच्या नळीने जोडायचे असतील, तर आत दोघांची टोके एकमेकांना जवळजवळ टेकली पाहिजेत. मध्ये फट राहिली, की गरम वायू थेट सिलिकॉनवर आदळतो आणि नळी जळते. मग सांध्यातून तेलाचे शिंतोडे उडू लागतात. सांधा गळत असल्याची ती खूण. पाइपचे वजन हेडरवर लोंबकळत ठेवू नये. चॅसिसला स्क्रूने लावलेल्या जाड तारेच्या आधारावर तो तोलावा, पण थोडा हलू शकेल एवढी मोकळीक ठेवावी. कारण इंजिन थरथरते आणि तारेने जखडलेल्या पाइपचा सांधा तडकतो. शेवटी चाके पूर्ण वळवून, सस्पेन्शन तळापर्यंत दाबून पाहावे. पाइप कुठे टायरला, बॉडीला, इंधनाच्या टाकीला किंवा रिसीव्हरच्या वायरला घासत नाही ना, हे गाडी उभी असतानाच कळते.

खरा धोका टाकीतल्या दाबाचा

पाइपवर एक छोटी नळी जोडण्याची जागा असते. ती नळी इंधनाच्या टाकीला जाते. पाइपमधला दाब टाकीत पोहोचतो आणि त्या दाबामुळे इंधन कार्ब्युरेटरकडे ढकलले जाते. नव्या पाइपची शेपटी जुन्यापेक्षा रुंद असेल, तर हा दाब कमी होतो. इंधन कमी येते, हवेचे प्रमाण वाढते, म्हणजे मिश्रण ‘लीन’ होते. गाडी सुरुवातीला सुसाट पळते. मालक खूश होतो. इंजिन जळण्याची सुरुवात नेमकी इथे होते.

टू-स्ट्रोक इंजिनाला वेगळे ऑइल नसते, वंगण इंधनातच मिसळलेले असते. इंधन कमी म्हणजे वंगणही कमी. ॲल्युमिनियमचा पिस्टन आणि क्रोम चढवलेली पितळी स्लीव्ह यांची जोडी मुद्दाम अतिशय घट्ट बनवलेली असते. ती कोरडी आणि जास्त गरम झाली, की घासते, कॉम्प्रेशन जाते. मग दोन्ही भाग बदलण्याशिवाय पर्याय राहत नाही आणि तो खर्च नव्या पाइपपेक्षा कमी नसतो.

म्हणून पाइप बदलल्यावर हाय-स्पीड निडल आधी पाव फेरा उघडावी आणि मगच इंजिन सुरू करावे. पूर्ण वेगात धुराची रेघ स्पष्ट दिसली पाहिजे. ग्लो प्लगजवळचे तापमान इन्फ्रारेड थर्मामीटरने पाहावे. साधारण १०० ते १२० अंश सेल्सिअसच्या आसपास ते राहावे, तरी आकड्यापेक्षा धुरावर जास्त विश्वास ठेवलेला बरा. आयडलवर असताना इंधनाची नळी चिमटीत दाबली, तर इंजिनाने दोन-तीन सेकंद चालून, किंचित वेग घेऊन बंद पडावे. लगेच बंद पडले तर मिश्रण लीन आहे. त्यानंतर निडल थोडी थोडी, एका वेळी फेऱ्याच्या सोळाव्या भागाइतकीच बंद करत जावी.

आवाज आणि नियमांचे काय?

शेपटी कापली किंवा पाइपला भोके पाडली की ताकद वाढते, हा समज बुलेटच्या सायलेन्सरवरून आलेला असावा. आपल्याकडे पोलीस जप्त केलेल्या अशा सायलेन्सरवर रोडरोलर फिरवतात. नायट्रो गाडीत तर भोक पाडले, की परतणारी लाटच मोडते आणि टाकीचा दाबही जातो. आवाज वाढतो, वेग घटतो. युरोपातील स्पर्धांमध्ये ‘एफ्रा’ या संघटनेने मान्य केलेला, क्रमांक कोरलेला पाइपच चालतो. असा क्रमांक असलेला पाइप घेणे हौशी माणसालाही सोयीचे, कारण तो आवाजाच्या कसोटीतून गेलेला असतो.

इंधनाच्या नियमांमुळेही पाइपचे महत्त्व वाढले आहे. नायट्रोमिथेनचा स्फोटकांसाठी वापर होऊ शकतो, म्हणून युरोपीय संघात १ फेब्रुवारी २०२१ पासून १६ टक्क्यांहून अधिक नायट्रोमिथेन असलेले इंधन सर्वसामान्यांना परवान्याशिवाय मिळत नाही. त्याआधी ही मर्यादा ३० टक्के होती. नायट्रोमिथेन स्वतःसोबत ऑक्सिजन घेऊन येते, ते कमी झाले की ताकद कमी होते. ती भरून काढण्यासाठी उरते ती पाइपची लांबी आणि कार्ब्युरेटरची निडल.

हे सगळे करताना मिथेनॉलची ज्योत दिवसाउजेडी जवळजवळ दिसत नाही हे ध्यानात ठेवावे. गळका सांधा तपासायला गाडी उलटी करण्याआधी इंजिन बंद करावे, पाइप थंड होऊ द्यावा आणि टाकी रिकामी करावी.