अंबाडीचा वाख आणि मोटारीचे दार

हेंपचे कापड म्हणून जे विकले जाते ते भांगेच्या झाडापासून तयार होते. मात्र नशा आणणारी राळ मुख्यतः मादी झाडाच्या फुलोऱ्यात असते, तर धागा निघतो खोडाच्या सालीतून. हा फरक कायद्यानेही मानला आहे. एनडीपीएस या अमली पदार्थविषयक कायद्याच्या (१९८५) कलम १४ नुसार केवळ धागा किंवा बी मिळवण्यासाठी सरकार भांगेच्या लागवडीस परवानगी देऊ शकते, आणि टीएचसी या मादक द्रव्याचे प्रमाण ०.३ टक्क्यांच्या आत राखण्याच्या अटीवर उत्तराखंडाने २०१८ मध्ये असा परवाना दिलाही. महाराष्ट्राला हे तंतू अपरिचित नाहीत. वेरूळच्या लेण्यांतील मातीच्या गिलाव्यात ते मिसळलेले असल्याचे संशोधन २०१६ मध्ये ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. तरीही आजच्या मराठी शेतकऱ्याला अधिक जवळचे असलेले वाखाचे पीक भांगेचे नसून अंबाडीचे आहे, आणि पर्यावरणस्नेही वस्त्रांच्या चर्चेत नेमके तेच मागे राहते.

वाख म्हणजे सालीतील लांब, चिवट तंतूंचे जुडगे. जगाच्या बाजारात केनाफ किंवा दख्खनी हेंप या नावांनी ओळखली जाणारी अंबाडी दख्खनच्या कोरडवाहू शेतीत ज्वारी-तुरीच्या कडेने किंवा मिश्र पीक म्हणून पेरली जात असे. कोवळा पाला कण्या घालून केलेल्या भाजीत जाई आणि वाढलेल्या खोडापासून कासरे, दावी व नाडे होत. दोर वळण्याचे हे कौशल्य मुख्यतः मातंग समाजाने पिढ्यान्‌पिढ्या जपले, पण नायलॉनच्या दोरीने त्याची बाजारपेठ हिरावली. ताग किंवा बोरू या दुसऱ्या तंतुपिकाची गत वेगळी झाली. हिरवळीचे खत म्हणून तो आता बहुधा फुलावर येताच जमिनीत गाडला जातो, त्यामुळे त्याचा वाख काढण्याची वेळच येत नाही.

वाख काढणे कष्टाचे आणि नजरेचे काम आहे. फुलोऱ्याच्या सुमारास कापलेल्या खोडांच्या पेंढ्या पाला झडेपर्यंत उभ्या ठेवतात, मग दगडांच्या भाराखाली पाण्यात बुडवतात. तंतूंना एकमेकांशी चिकटवून ठेवणारे पेक्टिन पाण्यातील जिवाणू खातात आणि साधारण दोन आठवड्यांत साल सुटू लागते. ती सोलून, पाण्यावर आपटून, धुऊन वाळवली की पिवळसर वाख हाती येतो. पेंढ्या लवकर काढल्या तर सालीचे तुकडे चिकटून राहतात आणि उशीर झाला तर तंतूच कुजतो. म्हणून जाणकार रोज एखादी काडी सोलून पाहतो.

या वाखाचे शर्ट होतील का, या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर बहुतेक वेळा नकारार्थीच द्यावे लागते. अंबाडीच्या तंतूतील मूळ पेशी काही मिलिमीटरच लांब असतात, त्यामुळे सूत जाडेभरडे निघते. हेंपच्या पेशी पुष्कळ लांब असल्याने तो मऊ करून कापसात मिसळता येतो आणि लिवाइससारख्या कंपनीने २०१९ मध्ये असे कपडे बाजारात आणले. अंबाडीला शोभतात त्या पिशव्या, चटया, पायपुसणी, जाड पडदे, आणि मोटारीची दारे.

येथे पुण्याजवळच्या पिंपरी-चिंचवड व चाकणच्या वाहन उद्योगाच्या पट्ट्याशी अचानक संबंध येतो. चाकणला २००९ पासून कारखाना असलेल्या मर्सिडीज-बेंझने १९९० च्या दशकातच परदेशात काही मोटारींच्या दारांच्या आतील आवरणात जवस व घायपाताचे तंतू वापरले होते, तर बीएमडब्ल्यूने २०१३ च्या आय-३ मोटारीत केनाफ चक्क दिसेल असा ठेवला. तंतू आणि पॉलिप्रॉपिलीन हे प्लॅस्टिक एकत्र करून नमद्यासारखी गादी बनवतात, प्लॅस्टिक वितळेपर्यंत ती तापवतात आणि साच्यात दाबतात. काचतंतूंपेक्षा हे तंतू बरेच हलके असल्याने वाहनाचे वजन घटते. अर्थात पॉलिप्रॉपिलीन मिसळलेले दार मातीत कुजत नाही, हे जाहिरातीत सहसा सांगितले जात नाही.

अशीच सावधगिरी इतर ‘हरित’ कापडांबाबतही हवी. बांबूचे मऊ कापड बहुतांशी व्हिस्कोस असते. त्यासाठी बांबूचा लगदा कार्बन डायसल्फाइड या विषारी द्रव्याच्या साह्याने विरघळवावा लागतो, म्हणून अशा कापडाला सरसकट ‘बांबू’ म्हणण्यास अमेरिकेच्या व्यापार आयोगाने हरकत घेतली. उलट, किलोमागे सुमारे १०,००० लिटर पाणी पितो म्हणून कापसाला दिला जाणारा दोष मोठ्या प्रमाणावर पावसावर पिकणाऱ्या विदर्भातील कापसाला जसाच्या तसा लावणे अन्यायाचे आहे.

अंबाडीचा प्रश्न शेतात नाही, शेत आणि कारखाना यांच्यामधल्या टप्प्यात आहे. वाहन उद्योगाला प्रत्येक खेपेला सारख्याच जाडीचा, सारख्याच ओलाव्याचा आणि वास न येणारा माल लागतो. घरोघरच्या डबक्यांत कुजवलेला वाख तसा असत नाही. शिवाय कुजवणाचे पाणी विरघळलेला प्राणवायू संपवते, म्हणून याच पट्ट्यातील, सांडपाण्याने आधीच गांजलेल्या पवना-इंद्रायणी नद्यांच्या खोऱ्यात ते ओढ्यात सोडणे परवडणारे नाही. बंदिस्त टाक्या, सांडपाणी शुद्ध करण्याची सोय आणि प्रतवारी करून वाख विकत घेणारे केंद्र या तिन्हींचा खर्च एकटा शेतकरी पेलू शकत नाही. तो गटाने किंवा खरेदीदार उद्योगाने उचलावा लागेल.