पत्र्याखालचे दव

डिसेंबर-जानेवारीतल्या निरभ्र रात्रींनंतर पत्र्याच्या घरांत पहाटे छपरातून थेंब पडू लागतात. पत्रा गळतोय असे समजून लोक स्क्रूभोवती डांबर लावतात आणि पैसे वाया जातात. हे पाणी घरातल्याच हवेतले असते.

मोकळ्या आभाळाखाली पत्रा अवरक्त किरणांच्या रूपाने उष्णता वर टाकत राहतो आणि बाहेरच्या हवेपेक्षाही काही अंशांनी गार होतो. ढग असले की तो एवढा निवत नाही. इकडे आत चूल, आंघोळीचे पाणी, झोपलेल्यांचे श्वास यांची वाफ वर चढते. 22 अंश सेल्सिअस आणि 80 टक्के आर्द्रता असलेल्या हवेत दर घनमीटरला साधारण 15 ग्रॅम बाष्प असते. 18 अंशांना हवेला जेमतेम तेवढेच पेलते. पत्रा त्याखाली उतरला की जास्तीचे पाणी त्यावर धरते, उतारावरून ओघळते, रिपेशी अडते आणि टपकते. रिपांचे लाकूड कुजायला सुरुवात होते ती इथेच.

कौलारू घरात हा त्रास फारसा नव्हता. कौलांमधल्या असंख्य फटींतून वाफ निघून जाई, थोडे पाणी भाजलेली मातीही पिऊन टाकी. पत्र्याने पाऊस अडवला, पण वाफेची वाटही बुजवली.

मग पत्र्याखाली ग्लासवूलचा उष्णता अडवणारा थर लावला की झाले? नाही. 1973च्या तेलसंकटानंतर इंधन वाचवायला ब्रिटनमध्ये पोटमाळ्यांवर असे जाड थर अंथरले गेले. खोल्या उबदार राहिल्या, वरचा माळा मात्र आणखी गारठला. वाफ तिथे पोचतच राहिली आणि वासे ओले होऊ लागले. म्हणून तिथे नेहमीच्या उतरत्या छपराला दोन्ही वळचणींशी 10 मिलिमीटरच्या सलग फटीएवढी हवा खेळती ठेवायला सांगतात. ग्लासवूल वळचणीत कोंबले, तर ती फट असून नसल्यासारखीच.

आपल्याकडे पत्रा आणि थर यांच्यात पाचेक सेंटिमीटर पोकळी सोडावी. हवा वळचणीतून शिरेल, आढ्यापाशी बाहेर पडेल. दोन्ही तोंडांना जाळी हवीच. वाफ अडवणारा प्लास्टिकचा कागद थराच्या खालच्या, खोलीकडच्या बाजूला, सांधे चिकटवून. फार गार रात्री पोकळीतही थोडे दव धरेल, पण ऊन चढताच खेळता वारा ते वाळवतो.

किनारपट्टीवर खोलीत एसी चालत असेल, तर मात्र हा हिशोब उलटतो. तिथे उबदार, दमट हवा बाहेर असते आणि ती गार खोलीकडे झिरपते. कागद आतल्या बाजूला असला, तर पाणी थरातच साचते. अशा खोलीत तो थराच्या वर, पत्र्याकडच्या बाजूला हवा.