रोज धावणारी एमजीबी

किल्ली फिरवली की लगेच स्टार्टर मारायचा नाही. आधी कान द्यायचा. मागच्या चाकाजवळून भराभर टकटक ऐकू येते. हा एसयू कंपनीचा, विजेवर चालणारा पेट्रोल पंप. कार्ब्युरेटरच्या वाट्या भरत आल्या की टकटक मंदावते आणि थांबते. मग चोक ओढायचा आणि इंजिन सुरू करायचं. टकटक आलीच नाही, तर गाडीखाली वाकून पंपाला पान्याच्या मुठीने हलके दोन टोले द्यायचे. आतले पॉइंट काळवंडून अडकलेले असतात, ते धक्क्याने सुटतात. पण टोला खाऊन चाललेला पंप त्याच आठवड्यात उघडून पॉइंट घासायचेच, हा नियम मी मोडत नाही.

गाडी 1969 सालची एमजीबी. दोन सीटा, कापडी हुड, क्रोमचे बंपर. गेली काही वर्षं माझ्याकडे दुसरी गाडी नाही. ऑफिस, भाजी, मुलीचा क्लास, सगळं हिच्यावरच. रोजच्या वाटेवर इंग्लंडातलं ॲबिंग्डन गाव लागतं, आणि ही गाडी त्याच गावात तयार झाली.

एमजी म्हणजे मॉरिस गॅरेजेस. विल्यम मॉरिस यांच्या ऑक्सफर्डमधल्या गॅरेजचे व्यवस्थापक सेसिल किम्बर यांनी मॉरिसच्या साध्या गाड्यांवर हलक्या, देखण्या बॉड्या चढवायला सुरुवात केली, तिथून हे नाव आलं. 1929 साली कारखाना ॲबिंग्डनला गेला. 1962 मध्ये एमजीबी आली आणि 1980 च्या ऑक्टोबरात कारखान्याला टाळं लागलं. मधल्या 18 वर्षांत 5 लाखांहून जास्त एमजीबी बनल्या, त्यातल्या बहुतेक अमेरिकेला गेल्या. पुण्या-मुंबईच्या रस्त्यांवर आज जी एमजी हेक्टर दिसते, तिचं या गाडीशी नातं फक्त नावापुरतं आहे.

खरं नातं दुसऱ्याच गाडीशी आहे. एमजीबीचं 1,798 सीसीचं इंजिन बीएमसी कंपनीच्या बी-सिरीज घराण्यातलं. त्याच घराण्यातलं 1,489 सीसीचं धाकटं भावंड आपल्या ॲम्बॅसेडरमध्ये वर्षानुवर्षं होतं, आणि ॲम्बॅसेडर ही तर मुळात मॉरिस ऑक्सफर्ड. साताऱ्याला आमच्या पेठेत एक टॅक्सीवाले काका होते. सकाळी बॉनेट उघडून ते पॉइंटची गॅप बघत असायचे आणि आम्ही पोरं शाळेत जाताना तिथे घुटमळायचो. इंग्लंडात पहिल्यांदा एमजीबीचं बॉनेट उघडलं, तेव्हा रॉकर कव्हरची ती लांबट पेटी आणि एका बाजूला डिस्ट्रिब्युटर बघून मला परकं काही वाटलंच नाही. हात आपसूक डिस्ट्रिब्युटरच्या टोपीच्या क्लिपांकडे गेला.

हे इंजिन उघडून बघता यावं असंच बनवलेलं आहे. डिस्ट्रिब्युटरमधल्या पॉइंटची गॅप 15 थाऊ, म्हणजे मिलिमीटरच्या चार दशांशाच्या आसपास. फीलर गेजची पाती सरकताना जरा घासली पाहिजे, अडकता कामा नये. पुढच्या चाकांच्या किंगपिनला दोन्ही बाजूंना तीन-तीन ग्रीझ निपल आहेत आणि दर 3,000 मैलांनी तिथे ग्रीझ मारायचं. विसरलात तर स्टिअरिंग जड होऊन स्वतःच आठवण करून देतं.

पण या गाडीतलं माझं सगळ्यात लाडकं काम म्हणजे जोडीच्या एसयू कार्ब्युरेटरचं ट्यूनिंग. एसयूची रचना मोठी सुंदर आहे. वरच्या घुमटात एक पिस्टन असतो आणि त्याच्या तळाशी निमुळती सुई. ॲक्सिलरेटर दाबला की हवेच्या ओढीने पिस्टन उचलला जातो, सुई जेटमधून वर येते, आणि सुई खाली बारीक होत गेलेली असल्याने पेट्रोलला तेवढी जास्त वाट मिळते. हवा किती, पेट्रोल किती, हा हिशोब एक सुई करते. पिस्टनने झटक्यात उडी मारू नये म्हणून घुमटाच्या नळीत थोडं तेल असतं. ते संपलं की ॲक्सिलरेटर दाबताच गाडी क्षणभर अडखळते. कित्येकजण इग्निशनमध्ये दोष शोधत दिवस घालवतात आणि औषध असतं चमचाभर तेल.

दोन्ही कार्ब्युरेटर सारखी हवा ओढतायत ना, हे बघायला मी रबरी नळीचा तुकडा वापरतो. इंजिन गरम करायचं, एअर फिल्टर काढायचे, दोन्ही कार्ब्युरेटरना जोडणाऱ्या दांडीचे क्लॅम्प सैल करायचे. नळीचं एक टोक कानाशी, दुसरं एका कार्ब्युरेटरच्या तोंडाशी. सूं असा आवाज येतो. मग दुसऱ्याच्या तोंडाशी. एकाचा सूर चढा, दुसऱ्याचा उतरलेला. आयडलचे स्क्रू अगदी किंचित फिरवत राहायचं, दोन्हीकडून एकच सूर येईपर्यंत. तानपुऱ्याची जोडीची तार लावताना कानाचं जे होतं, तेच इथे होतं. नंतर मिश्रण. खालची पिन बोटाने केसभर वर ढकलायची, म्हणजे पिस्टन जरासा उचलला जातो. इंजिनचा वेग वाढून तसाच राहिला तर पेट्रोल जास्त आहे. इंजिन बंद पडायला लागलं तर कमी. क्षणभर किंचित वाढून पुन्हा स्थिरावलं, तर बरोबर. दुरुस्ती जेटखालच्या षटकोनी नटाने करायची, आणि तीही एका वेळी एकच पैलू.

रोज चालवल्याने हे सगळं सोपं जातं. कालच्यापेक्षा आज आवाज वेगळा आहे, हे रोज ऐकणाऱ्यालाच कळतं. शिवाय उभी राहिलेली गाडी जास्त बिघडते: ब्रेकचे सिलिंडर जाम होतात, टाकीत पाणी साठतं, रबरी सील सुकतात. ब्रिटनमध्ये 2021 पासून साध्या पेट्रोलमध्ये दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि जुन्या रबरी नळ्यांना ते सोसत नाही. म्हणून मी नळ्या बदलल्या आणि महागडं, कमी इथेनॉलचं पेट्रोल भरतो. चाळीस वर्षांपुढच्या गाड्यांना इथे रोड टॅक्स नाही आणि वार्षिक तपासणीची सक्तीही नाही. मी तरीही दरवर्षी तपासणी करून घेतो. या गाडीत माझी मुलगी बसते.

खरा शत्रू गंज. एमजीबीला वेगळी चासी नाही, बॉडी हाच सांगाडा. वर छत नसल्याने सगळा ताण दाराखालच्या पोकळ पत्र्यांवर, म्हणजे सिलवर येतो. बर्फाच्या दिवसांत रस्त्यावर मीठ टाकतात. ते मातीबरोबर आत शिरून साचतं आणि पत्रा आतून खातं. मी गाडी घेतली तेव्हा बाहेरून सिल चकचकीत होते. घरी आणून लोहचुंबक फिरवला, तर हातभर लांबीत तो चिकटेचना. कुणीतरी कुजलेल्या पत्र्यावर फायबर आणि पुट्टी फासून रंग मारला होता. याचा मला आजही राग येतो. धडकेत माणसं वाचवणारा भाग होता तो.

सिल बदलण्याआधी दाराच्या चौकटीत लोखंडी पट्ट्या वेल्ड करून चौकट बांधून घ्यावी लागते. नाहीतर जुना पत्रा कापताच गाडी मधोमध वाकते आणि दार परत कधी नीट लागत नाही. आतला सिल, खालची कॅसल रेल, बाहेरचा सिल, असं थराथराने बांधत आणलं. नवे पत्रे सहज मिळतात, कारण ब्रिटिश मोटर हेरिटेजने 1988 पासून मूळ साच्यांवर एमजीबीची अख्खी बॉडीसुद्धा पुन्हा बनवायला घेतली. कारखाना बंद झाल्यावर आठ वर्षांनी! सगळं जोडून झाल्यावर पोकळीत मेण फवारलं. त्या संध्याकाळी दार बंद केलं, तर एकाच बोटाने ‘टक’ झालं.

आता दर हिवाळ्यात, मिठाच्या रस्त्यावरून आलो की आधी घरात जात नाही. पाइप लावून चाकांच्या कमानी धुतो, मग वाकून सिलखालची पाणी निघायची भोकं तारेने मोकळी करतो आणि पाणी सोडतो. आधी गढूळ पाणी येतं, मग जरा तांबूस. नितळ आलं की नळ बंद करतो.