सुगीचा पैसा आणि वर्षभराचा संसार

बाराव्या शतकात कल्याण नगरीत बिज्जल राजाच्या कोषागाराचा कारभार महात्मा बसवेश्वरांकडे होता. त्या कल्याणच्या, म्हणजे आजच्या बिदर जिल्ह्यातील बसवकल्याणच्या तालुक्यात कोहिनूर हे गाव आहे. कोष राज्याचा असो वा कुटुंबाचा, तो राखणे म्हणजे केवळ पैसा साठविणे नव्हे; अडचणीच्या वेळी तो हाताशी असेल अशी तजवीज करणे होय.

बिदर व कलबुर्गी या सीमावर्ती जिल्ह्यांतील कोरडवाहू शेतकऱ्यास ही तजवीज विशेष अगत्याची आहे. मूग-उडिदाचा पैसा भाद्रपदाच्या सुमारास येतो, तुरीचा पौष-माघात. खर्च मात्र बाराही महिने चालू असतो. त्यातच पाऊस दगा देतो, भाव कोसळतो, घरात आजारपण येते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे शेजारच्या किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपाने तर क्षणार्धात हजारो संसार उद्ध्वस्त केले. संकटाची वेळ कोणास सांगता येत नाही. परंतु त्याची पूर्वतयारी करता येते.

प्रथम कर्जफेड

सावकाराकडून दरमहा शेकडा ३ रुपये व्याजाने घेतलेल्या ५०,००० रुपयांवर वर्षाकाठी १८,००० रुपये व्याज होते. कोणत्याही सुरक्षित ठेवीवर इतके उत्पन्न मिळत नाही. यास्तव सुगीच्या पैशातून असे कर्ज प्रथम फेडावे. त्यानंतर निदान तीन महिन्यांचा घरखर्च बँकेतील किंवा टपाल कार्यालयातील बचत खात्यात वेगळा ठेवावा. बी-बियाणे व खतांची रक्कम यात मिसळू नये.

मे महिन्यातील दक्षता

प्रधानमंत्री जीवनज्योती विमा योजनेत १८ ते ५० वर्षे वयाच्या खातेदारास वार्षिक ४३६ रुपयांत सहभागी होता येते व मृत्यू झाल्यास वारसास २ लाख रुपये मिळतात. अपघाती मृत्यूसाठी तितक्याच रकमेचे संरक्षण देणाऱ्या सुरक्षा विमा योजनेचा हप्ता वर्षाला २० रुपये असून वयोमर्यादा १८ ते ७० आहे. दोन्ही विम्यांचे वर्ष १ जूनला सुरू होते आणि हप्ता मेअखेर खात्यातून आपोआप वळता होतो. नेमक्या याच वेळी पेरणीसाठी खाते रिकामे केले जाते. खात्यात रक्कम नसल्यास विमा खंडित होतो व ऐन संकटात घरच्यांच्या हाती काही लागत नाही. म्हणून ४५६ रुपये खात्यात राहू द्यावेत.

ठेव कोठे ठेवावी?

यानंतर उरलेली रक्कमच दीर्घ मुदतीच्या ठेवीत गुंतवावी. विमासंरक्षित बँकेत प्रत्येक ठेवीदाराच्या ५ लाख रुपयांपर्यंतच्या ठेवींना, व्याज धरून, ठेवविम्याचे संरक्षण आहे. पतसंस्था व भिशी यांना ते लागू नाही. अवाजवी व्याजाचे आमिष दाखविणाऱ्यांपासून दूरच राहावे. प्रत्येक खात्यावर नामनिर्देशन करावे आणि पासबुके व विम्याची कागदपत्रे कोठे आहेत हे पत्नीस व जाणत्या मुलांस सांगून ठेवावे. ज्या ठेवीची घरात कोणास माहिती नाही, ती असून नसल्यासारखीच!

शिक्षक व ग्रामपंचायत कर्मचाऱ्यांनी मे महिन्याच्या मध्यास गावात या हप्त्याची आठवण करून दिल्यास एखाद्या घराचा आधार तुटण्यापासून वाचेल.