एक जनुक, अनेक प्रतिलिपी

वडूजसारख्या गावी व्यवसाय करणाऱ्या वैद्याकडे संधिवाताचे व गृध्रसीचे रुग्ण नित्य येतात. त्यांच्यासाठी असलेल्या एखाद्या कल्पाच्या माहितीपत्रकात ‘मज्जातंतूंची वाढ करणारा घटक वाढवितो’ असे वाक्य आढळले, तर त्याचा अर्थ काय घ्यावा?

हा घटक म्हणजे ‘नर्व्ह ग्रोथ फॅक्टर’, संक्षेपाने एनजीएफ. सर्पविष आणि उंदराची जबड्याखालील लाळग्रंथी हे त्याचे आरंभीचे विपुल स्रोत ठरले. वाढ-घटकांच्या शोधाबद्दल रीटा लेव्ही-मोंतालचिनी व स्टॅन्ली कोहेन यांना १९८६ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

सस्तन प्राण्यांत जनुकाचा संदेश सलग नसतो. पेशी त्याची प्रतिलिपी काढते, मधले निरर्थक भाग वगळते आणि उरलेले तुकडे जोडते. कोणते तुकडे जोडावयाचे, हे ऊतीगणिक बदलू शकते. यासच ‘ऑल्टरनेटिव्ह स्प्लायसिंग’ म्हणतात. उंदराच्या एनजीएफ जनुकापासून अशा जोडणीने लांब व आखूड असे दोन पूर्वरूप प्रथिनांचे प्रकार संभवतात, हे १९८६ मध्येच दाखविले गेले. लाळग्रंथीत लांब प्रकाराची प्रतिलिपी प्रामुख्याने आढळते, तर इतर बहुतेक ऊतींत आखूड प्रकाराची. दोहोंपासून अखेरीस ११८ अमिनो आम्लांचे तेच परिपक्व प्रथिन तयार होते. म्हणजे फळ एक, मार्ग मात्र ऊतीनुसार निराळा.

पूर्वरूप व परिपक्व रूप यांचे कार्यही सारखे नसते. परिपक्व एनजीएफ मज्जापेशी जगविते. पूर्वरूप मात्र विशिष्ट ग्राहीद्वारे पेशीचा नाशही घडवू शकते, हे २००१ पासूनच्या प्रयोगांत दिसून आले.

संधिवातात तर हा घटक वेदना वाढवितो. त्यास रोखणाऱ्या ‘टॅनेझुमॅब’ या प्रतिपिंडाने सांध्यांची वेदना कमी झाली. परंतु काही रुग्णांत सांध्यांची झीज वेगाने झाली. २०२१ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या सल्लागार समितीने प्रतिकूल मत दिले व त्याचा विकास थांबला. घटक वाढणे हितकर आणि रोखणे अहितकर, अथवा याउलट, असे सरळ समीकरण येथे लागू पडत नाही.

म्हणून माहितीपत्रकातील दाव्यास तीन प्रश्न विचारावेत : कोणत्या ऊतीत? कोणते रूप? आणि मोजमाप मनुष्यात झाले, की केवळ उंदरात वा काचपात्रात? हे ज्ञान आपल्या संहितांत पूर्वीच होते, असे म्हणण्याचा मोहही आवरावा. द्रव्य एकच असूनही संस्कार, देश व मात्रा यांनुसार फल भिन्न मिळते, हा विवेक मात्र आपल्याला परका नाही. तोच विवेक नव्या शास्त्राच्या वाचनात वापरावा. रुग्णाचे हित त्यातच आहे.