सिवनीचे अरण्य आणि परदेशी पडदा : ‘द जंगल बुक’च्या चित्ररूपांतरांचे स्वरूप

प्रस्तावना :

नोव्हेंबर २०१९ मध्ये नागपूरच्या मिहान प्रकल्पक्षेत्रात वाघाचा वावर असल्याचे उघडकीस आले. एका बाजूला विमानतळ, दुसऱ्या बाजूला संगणक कंपन्यांच्या इमारती आणि मधल्या झुडपी रानात वाघ, असे ते चित्र होते. मिहानपासून उत्तरेस सुमारे १३० किलोमीटरवर सिवनी आहे. बालसाहित्यातील सर्वांत प्रसिद्ध वाघ शेरखान आणि लांडग्यांनी वाढविलेला मोगली यांची कथा याच सिवनीच्या टेकड्यांत घडते. मात्र जगाला ही कथा मुख्यतः परदेशी चित्रपटांतून परिचित झाली. या प्रवासात मूळ कथेतील काय टिकले आणि काय गळून पडले, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

मूळ कृती व तिचा भूगोल :

रुडयार्ड किपलिंग यांचा जन्म १८६५ मध्ये मुंबईत झाला. ‘द जंगल बुक’ (१८९४) आणि ‘द सेकंड जंगल बुक’ (१८९५) हे दोन्ही कथासंग्रह मात्र त्यांनी अमेरिकेतील व्हरमाँट येथील वास्तव्यात सिद्ध केले. सिवनीच्या अरण्याचा त्यांना प्रत्यक्ष अनुभव नव्हता. रॉबर्ट आर्मिटेज स्टर्नडेल यांचे सातपुड्यातील शिबिरजीवनावरील १८७७ चे पुस्तक हा त्यांचा एक महत्त्वाचा आधार मानला जातो. त्या काळी सिवनी जिल्हा मध्य प्रांतात मोडत होता व प्रांताची राजधानी नागपूर होती.

ऐकीव माहितीवर उभा असूनही या कथांचा भूगोल नेमका आहे. त्यांत वैनगंगा वाहते, अवर्षणात मोहाला फुले येत नाहीत आणि आटलेल्या नदीकाठी सर्व प्राणी शिकारबंदी पाळतात. रानकुत्र्यांची टोळी दख्खनेतून सिवनीवर चालून येते. वैनगंगा सिवनी जिल्ह्यातच उगम पावते. पेंच नदी कन्हानला व कन्हान वैनगंगेला मिळते. नागपूर शहर पेंच व कन्हान यांचेच पाणी पिते. म्हणजे कथेतील नदी आणि नागपूरकरांच्या नळाचे पाणी एकाच खोऱ्यातील आहे.

प्रमुख चित्ररूपांतरे :

झोल्टन कोर्डा दिग्दर्शित १९४२ च्या चित्रपटात म्हैसूर संस्थानात जन्मलेल्या साबू या अभिनेत्याने मोगली साकारला. वॉल्ट डिस्ने यांच्या संस्थेचा व्यंगचित्रपट १९६७ मध्ये, त्यांच्या निधनानंतर, प्रदर्शित झाला आणि पुढील पिढ्यांच्या मनातील मोगलीची प्रतिमा त्यानेच निश्चित केली. मूळ कथेत मोगलीचा रक्षणकर्ता असलेला ‘का’ हा अजगर येथे कपटी ठरला. माकडांना राजा नसतो, हे किपलिंग यांच्या कथेचे मर्म होय. डिस्नेने त्यांना ‘किंग लुई’ नावाचा ओरांगउटान राजा दिला. वस्तुतः ओरांगउटान बोर्निओ व सुमात्रा या बेटांवरच आढळतो. २०१६ च्या चित्रपटात जॉन फॅव्हरो यांनी लुईला नामशेष झालेल्या महाकाय वानराचे रूप दिले. भूगोलाची चूक सुधारण्याचा तो एक मार्ग होता.

सोव्हिएत संघात १९६७ ते १९७१ या काळात रोमान दाव्हिदोव्ह यांनी पाच भागांची व्यंगचित्रमालिका केली. तिचा सूर गंभीर आहे. ‘का’ तेथे मोगलीचा मित्रच राहतो आणि रानकुत्र्यांशी होणारे युद्धही दाखविले जाते. बघीरा मात्र मादी आहे.

भारतीय प्रेक्षकांच्या दृष्टीने १९८९ ची ५२ भागांची जपानी मालिका सर्वांत महत्त्वाची ठरली. १९९३ मध्ये दूरदर्शनने ती हिंदीतून प्रसारित केली. गुलजार यांचे शीर्षकगीत, विशाल भारद्वाज यांचे संगीत आणि शेरखानला नाना पाटेकर यांचा आवाज, यांमुळे ती महाराष्ट्रातील घराघरांत पोहोचली. २०१६ च्या चित्रपटाच्या हिंदी आवृत्तीतही शेरखानचा आवाज पाटेकर यांचाच होता. तो चित्रपट अमेरिकेच्या एक आठवडा आधी भारतात प्रदर्शित झाला. त्यातील अरण्य मात्र संगणकाच्या साहाय्याने निर्माण केले होते. अशा रीतीने सिवनीच्या शेजारची कथा जपान व अमेरिका असा वळसा घेऊन विदर्भात परतली.

रूपांतरांत गळलेला आशय :

मूळ कथेत माणसाला मारू नये हा जंगलाचा कायदा आहे. त्यामागील एक कारण व्यावहारिक आहे. माणूस मेला की बंदुका, हत्ती व मशाली घेऊन माणसे रानात शिरतात आणि सर्वांनाच त्याची झळ बसते. जन्मतः लंगडा असलेला शेरखान गुरे मारतो. त्यामुळे वैनगंगाकाठचे गावकरी चिडतात, तेव्हा तो नव्या भागात येतो आणि तेथील प्राण्यांना गावकऱ्यांच्या रोषाची चिंता लागते. गावात राहणारा मोगली गुराखी होतो व म्हशींच्या कळपाखाली शेरखानला तुडवून मारतो. तरीही गावकरी त्याला चेटक्या ठरवून दगड मारतात. जंगलाने नाकारलेला मुलगा गावालाही नकोसा होतो.

डिस्नेच्या १९६७ च्या चित्रपटात शेरखान शेपटीला बांधलेल्या जळत्या फांदीमुळे पळून जातो आणि मोगली एका मुलीमागे सुखाने गावात प्रवेश करतो. २०१६ मध्ये वाघ आगीत पडून मरतो आणि मोगली जंगलातच राहतो. दोन्ही शेवट सोपे आहेत. दोहोंत गुराखी नाही आणि सीमेवर राहण्याची किंमतही नाही. २०१८ च्या अँडी सर्किस यांच्या ‘मोगली’ने गावाला पुन्हा स्थान दिले. तेथेही भर गुराख्याच्या जीवनापेक्षा शिकाऱ्यावर अधिक आहे.

सद्यस्थितीशी संबंध :

गळलेला हा भागच विदर्भाच्या अनुभवाला सर्वाधिक जवळचा आहे. मोह वेचणारी माणसे, रानात चरणारी गुरे आणि त्यांच्या वाटेवर येणारा वाघ हे येथील वर्तमान आहे. नागपूर-सिवनी मार्गावर पेंच परिसरात प्राण्यांसाठी ५० ते ७५० मीटर रुंदीचे भुयारी मार्ग बांधण्यात आले आणि वाघ त्यांचा वापर करीत असल्याचे कॅमेऱ्यांनी नोंदविले. मिहानमधील वाघाचे आगमन हा याच वास्तवाचा भाग होय. वाघ शहरात शिरला, की शहर त्याच्या वाटेवर पोहोचले, हा प्रश्न किपलिंग यांच्या शेरखानप्रसंगातही बीजरूपाने आहे.

निष्कर्ष :

रूपांतराने मूळ कृतीशी तंतोतंत एकनिष्ठ राहावे, अशी अपेक्षा योग्य नाही. सोव्हिएत व जपानी आवृत्त्यांना आपापले मोल आहे. किपलिंग यांची साम्राज्यवादी दृष्टीही डोळ्यांआड करता येत नाही. तथापि परदेशी पडद्याने या कथेला स्थळ नसलेले ‘जंगल’ बनविले आणि गाव व रान यांच्यातील ताण बहुतांशी पुसून टाकला. विदर्भातील शिक्षकांनी हे चित्रपट दाखविताना सोबत वैनगंगेचा नकाशा व मूळ कथा ठेवल्यास, शेरखान हा केवळ खलनायक नसून आपल्याच परिसरातील एक अवघड शेजारी आहे, हे विद्यार्थ्यांना उमगेल. ज्या मुलांच्या घराशेजारी खराखुरा वाघ येऊ शकतो, त्यांच्यासाठी ही समज करमणुकीपेक्षा अधिक मोलाची आहे.